पांढऱ्याखालची टोपी

पांढऱ्या उंदरावर खूण करायला पिक्रिक ॲसिडइतकं स्वस्त आणि सोयीचं दुसरं काही नाही. पिवळंधमक द्रावण, काडीला गुंडाळलेला कापूस आणि डाव्या हातात धरलेला प्राणी, एवढ्यावर काम भागतं. डोक्यावर ठिपका तो पहिला, पाठीवर ठिपका तो दुसरा, शेपटीच्या बुडाशी तो तिसरा. मग दोन-दोन ठिपक्यांचे, आणि ज्याच्या अंगावर काहीच नाही तो शेवटचा. काही दिवसांनी रंग फिकटतो, की पुन्हा लावायचा. हातमोजे घालूनही नखांच्या कडा पिवळ्या राहायच्या. लोकलमध्ये शेजारची बाई हमखास विचारायची, घरात हळद आहे का म्हणून. मी हो म्हणायचे. खरं सांगितलं असतं तर ती उठून दुसऱ्या बाकावर गेली असती.

मुंबईतल्या एका औषध कंपनीच्या प्राणिगृहात माझी सगळी नोकरी झाली. माहेर-सासर दोन्ही अलिबाग तालुक्यातलं, त्यामुळे शनिवारी भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच गाठायची आणि सोमवारी पहाटे उलट्या वाटेने कामावर हजर व्हायचं, असा नेम. गावात 'लॅबमध्ये आहे' एवढं सांगितलं की भागायचं. उंदीर सांभाळायचा पगार मिळतो हे सासूबाईंना शेवटपर्यंत पटलं नाही. त्यांच्या वाडीत उंदीर फुकट होते, आणि ते मारायलाच पैसे जायचे.

कामाचं स्वरूप सांगायचं तर नव्वद टक्के सफाई. पिंजरे प्लास्टिकचे, वर स्टीलच्या तारांचं झाकण, त्यातच खाद्याच्या गोळ्यांची खोबण आणि उलटी लावलेली पाण्याची बाटली. खाली भाताचं तूस, निर्जंतुक करून आणलेलं. आठवड्यातून दोनदा ते बदलायचं. नाही बदललं तर मुताचा अमोनिया साचतो, डोळे चुरचुरतात, आणि माणसाच्या डोळ्यांना जे चुरचुरतं ते उंदराच्या फुप्फुसांना आधीच लागलेलं असतं. बारा तास उजेड, बारा तास अंधार, तपमान बाविसाच्या आसपास. दिवेही बेताचेच, कारण पांढऱ्या उंदराच्या डोळ्यांत रंगद्रव्य नसतं आणि जास्त उजेडाने त्याचं दृष्टिपटल झिजतं. नवा माणूस आला की विचारायचा, हा मान अशी डावीउजवीकडे का डोलवतोय, वेडा आहे का? वेडा नाही, त्याला नीट दिसत नाही. मान हलवून तो अंतराचा अंदाज घेतो.

आम्ही त्यांना रॅट आणि माईस म्हणायचो. रॅट म्हणजे बहुतेक विस्टार किंवा स्प्रॅग-डॉली, सगळे पांढरे, लाल डोळ्यांचे. इतकी वर्षं पांढरंच पाहिल्यावर पांढरा हा रंग आहे असंच वाटायला लागतं. तो समज मोडला एका विणीने.

मेंदूच्या कामासाठी एका विभागाने लाँग-इव्हान्स जातीचे उंदीर मागवले होते. डोकं, मान आणि खांदे काळे, तिथून पाठीच्या कण्यावरून शेपटीपर्यंत काळा पट्टा, बाकी अंग पांढरं आणि डोळे काळे. इंग्रजीत त्यांना हूडेड म्हणतात, आम्ही टोपीवाले म्हणायचो. हे उंदीर बर्कलीच्या लाँग आणि इव्हान्स या दोघांनी १९१५ साली तयार केले, पांढऱ्या विस्टार माद्या आणि तिथेच पकडलेला एक रानटी नर यांच्यापासून. पांढऱ्यांपेक्षा यांची नजर चांगली, म्हणून बघून ओळखण्याच्या प्रयोगांना हेच लागतात. आमच्याकडे नव्याने लागलेल्या एका मुलाने पिंजरे बदलताना एक पांढरी मादी या टोपीवाल्या नरांपैकी एकाच्या पिंजऱ्यात सोडली. लक्षात येईपर्यंत रात्र उलटून गेली होती.

उंदरीचे दिवस एकवीस ते तेवीस. बाविसाव्या दिवशी सकाळी पिंजऱ्यात पिल्लं होती. नुकतं जन्मलेलं उंदराचं पिल्लू म्हणजे बोटाच्या पेराएवढा गुलाबी मांसाचा गोळा. कातडी इतकी पातळ की पोटातलं दूध बाहेरून पांढरा डाग होऊन दिसतं. डोळे मिटलेले, पण मिटलेल्या पापणीखाली काय आहे ते जाणत्याला कळतं. पांढऱ्याच्या पिल्लाचा डोळा दिसतच नाही, काळ्या डोळ्याच्या पिल्लाला पापणीखाली निळसर-काळा ठिपका दिसतो. मी एकेक पिल्लू तळहातावर घेऊन दिव्याकडे धरलं. सगळ्यांना ठिपका होता. सगळ्यांना! आई पांढरी, बाप टोपीवाला, म्हणजे निम्मी तरी पांढरी निघतील असा आमचा हिशेब होता. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोक्याची कातडी गडद होऊ लागली, आणि आठवड्याभरात लव आली तेव्हा सगळी पिल्लं टोपी घालून बसलेली. एकही पांढरं नाही, एकही पूर्ण काळं नाही.

आमचे प्राणिगृहाचे डॉक्टर पशुवैद्य होते, रजिस्टरच्या मागच्या पानावर चौकटी काढून समजावून द्यायची त्यांना हौस. त्यांनी मला विचारलं, पांढरं एकही का नाही ते सांग. ते सोपं होतं. पांढरेपणासाठी दोन्हीकडून पांढरेपणाचं जनुक यावं लागतं. बापाकडून ते आलेलं नाही, म्हणून सगळ्यांना रंग. मग म्हणाले, टोपी सगळ्यांनाच का? इथे मी अडखळले. टोपीसुद्धा दोन्हीकडून यावी लागते. एकाच बाजूने आली तर पिल्लू जवळपास पूर्ण रंगाचं होतं, फार तर छातीपोटाला थोडा पांढरा डाग. बापाने टोपी दिली हे दिसतंय. मग दुसरी टोपी दिली कुणी?

आईने. ती पांढरीशुभ्र, माझ्या हाताने डोक्यावर पिवळा ठिपका लावलेली आई मुळात टोपीवालीच होती. तिला काळी टोपी होती, पट्टा होता, सगळा नकाशा अंगावर जागच्या जागी होता. फक्त रंगच बनत नसल्याने तो नकाशा कुणाला दिसत नव्हता. टायरोसिनेज नावाचं एक विकर असतं, त्याच्याविना काळं रंगद्रव्य तयारच होत नाही. पांढऱ्या उंदरात त्याच्या जनुकात बिघाड असतो, आणि तो असला की बाकी रंगाची सगळी जनुकं हातावर हात धरून बसतात. काळं असो, करडं असो, टोपी असो, पट्टा असो, सगळ्यावर पडदा.

तेव्हा मला वाटलं होतं, ही आमच्या त्या एका मादीची गोष्ट आहे. मी निवृत्त व्हायच्या सुमारास, २०१२ साली, क्योटोच्या कुरामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध आला. त्यांनी प्रयोगशाळांतल्या शंभराहून जास्त पांढऱ्या वाणांचं जनुक तपासलं. सगळ्यांत टायरोसिनेजचा तोच एक बिघाड, आणि सगळ्यांत टोपीचं जनुक किंवा त्यातूनच उरलेलं एक रूप. याचा अर्थ जगभरच्या प्रयोगशाळांतले ते पांढरे उंदीर कधीकाळच्या एकाच टोपीवाल्या, पांढऱ्या पडलेल्या पूर्वजाकडून आले. टोपीचं कारणही त्यांनी शोधलं: किट नावाच्या जनुकात घुसून बसलेला जुन्या विषाणूचा अवशेष. गर्भात रंगपेशी पाठीच्या कण्याजवळ जन्मतात आणि तिथून बरगड्यांवरून पोटाकडे पसरत जातात. किट नीट चाललं नाही तर त्यांची वाट अर्ध्यातच संपते. म्हणून रंग उरतो तो डोक्याला आणि कण्याला, आणि पोट कायम पांढरं. टोपी आणि पट्टा का, ठिपके किंवा आडव्या रेघा का नाहीत, याचं उत्तर एवढ्यात आलं.

तो एक पूर्वज कुठला, हे कुणी सांगू शकणार नाही, पण रस्ता साधारण ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकातल्या लंडनात उंदीर-कुत्र्यांच्या झुंजी लावत. पोत्यांनी उंदीर पकडून आणत, हौद्यात सोडत आणि कुत्रा किती मिनिटांत किती मारतो यावर पैजा लागत. त्यात कधी एखादा वेगळ्या रंगाचा निघाला तर उंदीर पकडणारे तो बाजूला ठेवत. राणी व्हिक्टोरियाचा उंदीरपकड्या म्हणवणारा जॅक ब्लॅक असे रंगीत उंदीर पाळून विकायचा. हेन्री मेह्यूने त्याची मुलाखत लिहून ठेवली आहे. मग ते घरांत गेले, बायकांच्या मांडीवर गेले आणि तिथून प्रयोगशाळांत. १९०१ साली मेरी डग्लस नावाच्या बाईंनी नॅशनल माऊस क्लबला पटवून एल्सबरीच्या प्रदर्शनात मोठ्या उंदरांसाठी वर्ग उघडायला लावले, आणि तिथलं पहिलं मानाचं बक्षीस त्यांच्याच काळ्या-पांढऱ्या उंदराने नेलं. त्या १९२१ साली गेल्या आणि त्यांच्यामागे हौसही ओसरली. पुढे १९७६ साली नॅशनल फॅन्सी रॅट सोसायटी निघाली तेव्हा कुठे पुन्हा प्रदर्शनं सुरू झाली.

आपल्याकडे उंदरांचं प्रदर्शन मी तरी पाहिलेलं नाही. बैलांची पाहिली आहेत. बैलाचा भोवरा कुठे आहे, शिंगं कशी वळली आहेत, कातडी किती पातळ आहे, यावर तासन् तास बोलणारी माणसं आमच्याकडे शर्यतीच्या दिवशी अलिबागच्या किनाऱ्यावर भेटतात. उंदराबद्दल असं कुणी बोलत नाही. पेणच्या गणपती कारखान्यांत मूषक करडा रंगवतात, कुणी पांढराही रंगवतो. टोपीवाला मूषक मी मुद्दाम शोधला, सापडला नाही.

उंदराच्या अंगावरच्या केसांना आपल्याकडे भाव मिळाला तो वेगळ्याच कारणाने. नीलगिरीतल्या कुन्नूरला रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी १९२०च्या दशकात पांढऱ्या उंदरांना हिंदुस्थानातल्या वेगवेगळ्या लोकांचं जेवण घातलं: शीख, पठाण, मराठा, गुरखा, कानडी, बंगाली आणि मद्रासी. कोणाचे उंदीर वजनाने वाढतात, कोणाचे केस तकतकीत राहतात, कोणाचे रोडावतात ते पाहिलं. पहिला नंबर शिखांच्या जेवणाला, दूध आणि गव्हामुळे. मराठा जेवण तिसरं आलं. हे मी गावात सांगितलं की लोक आधी खूश होतात, मग विचारतात की त्यात मासळी होती का.

माझी भाची इंग्लंडमध्ये असते. लहानपणी सुट्टीत माझ्याकडे यायची तेव्हा ती प्राणिगृहाच्या दारापर्यंत यायचा हट्ट धरायची, आत सोडता यायचं नाही. आता तिच्या घरी सहा उंदीर आहेत. निवृत्तीनंतर तिच्याकडे गेले तेव्हा ती मला मिडलंड्समधल्या एका गावच्या सभागृहात प्रदर्शनाला घेऊन गेली.

आदल्या रात्री ती मोरीत बसली होती, एका हातात नर आणि दुसऱ्या हातात जुना दात घासायचा ब्रश. शेपटी धुत होती. बुडापासून टोकाकडे, खवल्यांच्या दिशेने, कधीच उलट नाही. नराच्या शेपटीवर आणि पाठीवर वयात आल्यावर पिवळट-तपकिरी चिकटा साठतो. आमच्या पांढऱ्या नरांच्या पाठी तशाच व्हायच्या आणि आम्हाला त्याची कधी पर्वा वाटली नाही. तिला वाटत होती, कारण मळक्या शेपटीचे गुण जातात. मी म्हटलं, अगं, हे काम मला कुणी करायला सांगितलं असतं तर मी युनियनकडे गेले असते.

सभागृहात लांबच लांब टेबलं, त्यांवर एकसारख्या प्लास्टिकच्या टाक्या, प्रत्येकीत लाकडाचा भुसा, काकडीची फोड आणि बाहेर नुसता नंबर. मालकाचं नाव कुठेही नाही. परीक्षक पांढऱ्या कोटात. हे दृश्य मला इतकं ओळखीचं वाटलं की क्षणभर मी हातमोजे शोधले. परीक्षक बाई टाकीतून उंदीर काढायच्या, हातावर उभा करायच्या, कंबरेवरची कमान पाहायच्या, डोकं लांबट आहे की नाही, कान आणि डोळे कसे आहेत, शेपटी बुडाशी जाड आणि टोकाला निमुळती होत गेली आहे का, तिची लांबी अंगाइतकी आहे का. मग केसांच्या उलट दिशेने एक फुंकर. केस दुभंगले की खालचा रंग दिसतो. करड्या वाणात खालचा थर गडद राखी हवा, वर तांबूस, टोकाला काळा. निळ्यात निळा मुळापर्यंत उतरलेला हवा. मग पालथा करून पोट.

भाचीचा उंदीर बर्कशायर होता. वरून एकरंगी, खालून छातीपोट पांढरं. नियम असा की पांढरं जितकं जास्त तितकं बरं, पण बाजूला वर चढायचं नाही; कड स्वच्छ आणि दोन्हीकडे सारखी; मागचे पाय घोट्यापर्यंत पांढरे, पुढचे अर्ध्यापर्यंत; शेपटी निम्मी पांढरी; कपाळावर पांढरा ठिपका. तिच्या उंदराची कड डाव्या बगलेखाली नखभर वर गेली होती. एवढ्यावर नंबर हुकला. ती हिरमुसली नाही. पुढच्या विणीसाठी कोणती मादी घ्यायची याचा विचार तिने तिथेच सुरू केला.

मला तिथे बसल्या बसल्या विल्यम कॅसलची आठवण झाली. डॉक्टरांनीच सांगितलेली गोष्ट. हार्वर्डच्या या माणसाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हजारो टोपीवाले उंदीर पिढ्यानपिढ्या निवडले. एका वंशात पट्टा रुंद करत नेला तो उंदीर जवळजवळ पूर्ण काळा झाला, दुसऱ्यात अरुंद करत नेला तो पट्टा नाहीसा व्हायला आला. त्याचं म्हणणं होतं की निवडीने टोपीचं जनुकच बदलत गेलं. बरीच वर्षं तो त्यावर अडून राहिला. मग त्या वंशांचा संकर इतर उंदरांशी करून पाहिला, तेव्हा टोपी पुन्हा मूळ मापाकडे सरकली, आणि १९१९च्या सुमारास त्याने हार मानली: टोपीचं जनुक तेच, बदलली ती आजूबाजूची लहानसहान बरीच जनुकं. म्हणजे टोपी असणं हे एका जनुकाचं काम, पण तिची कड कुठे थांबेल हे बऱ्याच जणांनी मिळून ठरवायचं. प्रदर्शनातले परीक्षक गुण देतात ते या कडेला. रंग आणणं कुणालाही जमेल, दोन विणींत येतो. रेघ सरळ आणायला आयुष्य जातं. हे कळल्यावर त्या हौशी लोकांकडे बघण्याची माझी नजर जरा बदलली. आधी मला ते सगळं रिकामटेकडेपण वाटलं होतं.

तरी एक गोष्ट मला तिथे खटकली, अजूनही खटकते. कोपऱ्यातल्या एका टाकीत फिकट बदामी टोपीचा, माणकासारख्या लाल डोळ्यांचा उंदीर होता. सुंदर होता यात वाद नाही. पण प्रयोगशाळेत तशाच रंगाचा एक वाण असतो, फॉन-हूडेड, आणि तो आम्ही रक्त गोठण्याच्या कामासाठी ओळखतो. त्याचा रंग ज्या जनुकाने फिका पडतो त्याच रॅब-३८ जनुकामुळे त्याच्या रक्तातल्या बिंबाणूंमधले दाणे नीट भरत नाहीत. रंगाचे कण आणि बिंबाणूंमधले दाणे शरीरात एकाच पद्धतीने बांधले जातात, त्यामुळे एकाचं बिघडलं की दुसऱ्याचंही बिघडतं. शेपटी कापली तर रक्त थांबता थांबत नाही. प्रदर्शनातल्या त्या उंदराचं रक्त कसं होतं ते मला माहीत नाही, बाहेरून दिसणारही नव्हतं, कारण फुंकर मारून बिंबाणू दिसत नाहीत. कुरळ्या केसांचे रेक्स तसेच. एका बाजूने जनुक आलं तर कुरळे केस, दोन्हीकडून आलं तर केस झडून पिल्लू चट्ट्याचट्ट्यांचं होतं.

ब्रिटनच्या नॅशनल फॅन्सी रॅट सोसायटीने निदान केसरहित आणि बिनशेपटीच्या उंदरांना आपल्या प्रदर्शनात जागा दिलेली नाही. अमेरिकेतल्या काही मंडळींकडे त्यांचेही वर्ग आहेत. केसरहित प्राणी काय असतो हे मी जवळून पाहिलं आहे. टाटा मेमोरियल सेंटरच्या प्राणिगृहात पांढऱ्या स्विस माईसमधूनच निघालेला 'स्विस बेअर' नावाचा बिनकेसांचा वाण आहे, आता त्यांच्याच खारघरच्या ॲक्ट्रेक या संशोधन केंद्रात, म्हणजे आमच्याच रायगड जिल्ह्यात. कातडीवरच्या संशोधनाला असा प्राणी लागतो, त्याला कारण आहे, समिती आहे, नोंद आहे. घरात गाणं ऐकत मांडीवर घ्यायला असा प्राणी जन्माला घालायचं कारण मला सापडत नाही. केस नसतील तर थंडी लागते, ओरखडे पडतात, आणि काही वाणांत मादीला पिल्लांपुरतं दूधही येत नाही.

आणि फुप्फुसं. उंदीर पाळणाऱ्या माणसाचं पहिलं दुखणं रंग नव्हे, मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू आहे. शिंका, मग छातीत घरघर, मग डोळ्यानाकाभोवती लालसर पाणी. नवी माणसं रक्त समजून घाबरतात. ते रक्त नसतं, डोळ्यामागच्या ग्रंथीतलं पॉर्फिरिन असतं, पण आजारी उंदराला ते पुसायचं भान राहत नाही म्हणून दिसतं. पांढऱ्या उंदरावर ते लगेच उठून दिसतं. काळ्या टोपीच्या उंदरावर ते दिसेपर्यंत उशीर होतो, हा मला पांढऱ्याचा एक फायदा वाटत आला आहे. प्रदर्शनाच्या गुणतक्त्यात चांगल्या फुप्फुसांना गुण नाहीत. आजारी जनावर बाहेर काढतात, एवढंच. चावणाऱ्यालाही बाहेर काढतात, हे मात्र मला मनापासून पटलं. शांत उंदीर हा खरा मोठा मामला आहे. रशियात नोवोसिबिर्स्कला १९७०च्या दशकापासून रानटी करड्या उंदरांचे दोन वंश वाढवले, एक माणसाला शांत राहणारा आणि दुसरा अंगावर येणारा. दोन्ही दिसायला बरेचसे सारखे. त्यांच्यातला खरा फरक बघायचा तर पिंजऱ्यात हात घालावा लागतो.

दिसण्यावरून काहीच कळत नाही याचा याहून जुना दाखला मुंबईतला आहे. परळच्या हाफकिन संस्थेत साहेबसिंग सोखी आणि चित्रे यांनी १९३०च्या दशकात वेगवेगळ्या गावांचे रानटी उंदीर आणून त्यांना प्लेगचे जंतू टोचले. ज्या शहरांनी वर्षानुवर्षं प्लेग भोगला होता तिथले उंदीर बरेचसे तगले. ज्यांच्या गावाने प्लेग पाहिलाच नव्हता ते भराभर मेले. तोच करडा कोट, तीच शेपटी. मुंबईच्या उंदरांनी १८९६नंतरच्या साथींतून जे कमावलं होतं ते केसांवर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

आता गावी राहते. वाडीत नारळ-सुपारी आहे आणि नारळावर उंदीर आहेत. हे वेगळे उंदीर, प्रयोगशाळेतल्यांशी यांचं बीज जुळत नाही. पांढऱ्याशी यांचा संकर लावून पाहावा का असं एकाने विचारलं होतं, त्याला सांगितलं की कुत्र्या-मांजराचा लावण्यासारखं आहे. हे हलके, लांब शेपटीचे, झाडावर सरसर चढणारे. कोवळ्या नारळाला देठाकडून भोक पाडतात, आतलं पाणी-खोबरं खातात, आणि रिकामा नारळ आठवड्याभराने खाली पडतो. आमचा नारळ उतरवणारा पाडेली दर खेपेला पोखरलेल्यांची रास वेगळी लावतो. उपाय एकच, खोडाला माणसाच्या उंचीवर पत्रा मारायचा, म्हणजे नखं धरत नाहीत. पण दोन माडांच्या झावळ्या एकमेकींना टेकल्या असतील तर पत्रा फुकट, ते वरच्या वर जातात.

एकदा पत्र्याखाली एक मेलेला सापडला. सवयीने उचलला आणि पालथा केला. पोट दुधाळ पांढरं, वरचा भाग तांबूस करडा, मधली रेघ सुरीने ओढल्यासारखी साफ. बर्कशायरवाल्या परीक्षक बाई खूश झाल्या असत्या. घरातल्या आढ्यावर फिरतो त्याचं पोट मात्र मळकट गडद असतं. हा फरक आमच्या आधी शंभर वर्षं टिपलेला आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ साली सस्तन प्राण्यांची पाहणी सुरू केली, देशभरातून कातडी गोळा झाली, आणि १९१९ साली मार्टिन हिंटन यांनी दक्षिण-पश्चिम भारतातल्या या पांढऱ्या पोटाच्या झाडउंदराला मुंबई इलाख्यात वनाधिकारी राहिलेल्या रॉटन यांचं नाव दिलं. मी त्याच्या पाठीवर फुंकर मारली. तळाशी पाटीसारखा राखी, वर पिवळा पट्टा, टोक काळं. एकाच केसात तीन थर. केस वाढताना जनुक आधी काळं बनवतं, मग थोडा वेळ पिवळं, मग पुन्हा काळं. पाडेली माझ्याकडे पाहत राहिला. म्हणाला, "ताई, फुंकून काय उठनार हाय काय तो?"

अलिबागचा एक कॉलेजातला मुलगा हल्ली फोन करतो. कुणीतरी माझा नंबर दिला. त्याला उंदीर पाळायचे आहेत, आणि निळेच हवेत, मोबाइलवर पाहिलेत. मी त्याला म्हटलं, विकणाऱ्याला रंग विचारू नकोस, आजी किती वर्षं जगली ते विचार. उंदीर दोन-तीन वर्षं जगतो. आजी दीड वर्षात गाठ येऊन गेली असेल तर नातही बहुधा त्याच वाटेने जाणार. मग उंदीर कानाशी धर आणि ऐक. टिकटिक किंवा घरघर आली तर खाली ठेव, मग तो कितीही निळा असो. घ्यायचेच तर एका विणीचे दोन नर घे. एकटा उंदीर झुरतो, आणि नर-मादी घेतलेस तर तीन महिन्यांत तुझ्या आईला माझा पत्ता शोधावा लागेल.

आजीचं वय कुणालाच ठाऊक नव्हतं, ही अपेक्षा होतीच. शेवटी त्याला मुंबईत दोन पांढरे नर मिळाले, श्वास साफ, अंगाला भरलेले. आता त्याचा नवा प्रश्न असा, की यांच्याही अंगावर खाली टोपी आहे का, आणि ती बघायची कशी. मी सांगितलं, बहुधा आहे, पण दोघंही नर आहेत तोवर तुला ती कधीच दिसायची नाही. तू आठवड्यातून दोनदा तूस बदल. पोयनाडला भाताची गिरणी आहे, तिथे पोतंभर मिळेल.